गाडी येते, पण आठ काढता येतो का?

आपल्या बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा. पारावर बसलेल्या दहा जणांना विचारा, "गाडी येते का?" दहाच्या दहा माना हलतील. मग हळूच विचारा, "लायसन आहे का?" एखादा खिसा चाचपेल, दुसरा हसेल आणि बाकीचे पावसाचा विषय काढतील. मोटारसायकल आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दूध डेअरीवर न्यायचे, खताची गोणी आणायची, पोराला शाळेत सोडायचे, म्हातारीला दवाखान्यात न्यायचे, सगळे त्याच गाडीवर. लुना, राजदूत, एम-८० यांचा जमाना गेला, १९८५ साली आलेल्या हिरो होंडाने गावाला शंभर सीसीची सवय लावली, आणि आज घरटी एक गाडी दारात उभी आहे. परवाना मात्र घरटी एक नाही.

"पंधरा वर्षं चालवतोय, आजपर्यंत कुणी धरलं नाही," हे नेहमीचे उत्तर. धरण्याचे सोडा. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड पूर्वी ५०० रुपयांपर्यंत होता, तो ५ हजार झाला आणि महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून त्याची वसुली सुरू झाली. एका पावतीत शेळी गेली म्हणा ना. पण मंडळी, खरे नुकसान पोलिसाच्या पावतीत नाही. ते वेगळ्याच कागदात आहे आणि तो कागद घरातले लोक फार उशिरा वाचतात.

दोन लाखांचा कागद

शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर वारसांना दोन लाख रुपये देणारी शासनाची योजना आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची ही योजना आधी विम्याच्या रूपात होती, २०२३ पासून ती सानुग्रह अनुदानाच्या रूपात कृषी खात्यामार्फत चालते. सर्पदंश, वीज, विहिरीत पडणे याबरोबर रस्त्यावरचा अपघातही तिच्यात येतो. पण कागदपत्रांच्या यादीत एक ओळ आहे. अपघातात गेलेला शेतकरी स्वतः गाडी चालवत असेल, तर त्याचा वैध परवाना जोडावा लागतो. सातबारा आहे, पंचनामा आहे, शवविच्छेदनाचा अहवाल आहे, आणि परवाना नाही. मग ती माउली तालुका कृषी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहते.

गाडीच्या विम्याचेही तेच. मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षण विम्यासोबत घेतलेले असते, पण चालवणाऱ्या मालकाकडे वैध परवाना असेल तरच ते उपयोगी पडते. आणि आपल्या गाडीने दुसऱ्याला धक्का बसला तर? सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग प्रकरणात याचा विचार केलेला आहे. चालकाकडे परवाना नव्हता म्हणून जखमीला वाऱ्यावर सोडू नये, विमा कंपनीने त्याला भरपाई द्यावी आणि नंतर ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग न्यायालये काढतात. म्हणजे पैसे शेवटी मालकाच्याच अंगावर. मालकाकडे काय असते? दोन एकर कोरडवाहू.

म्हणून वाचकहो, परवाना हा पोलिसाला दाखवायचा कागद आहे हे आधी डोक्यातून काढून टाका.

आधी शिकाऊ, मग पक्का

पहिली पायरी शिकाऊ परवान्याची. वय १८ पूर्ण पाहिजे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो हे खरे आहे, पण तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, तोही पालकांच्या संमतीने. लुनाच्या काळात त्याला अर्थ होता. आज दुकानात दिसणारी स्कूटी शंभर सीसीच्या पुढची असते, तिला तो परवाना चालत नाही.

अर्ज 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावर होतो. २०२१ च्या जूनपासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे घरबसल्या परीक्षा देऊन शिकाऊ परवाना मिळू लागला आहे. पंधरा प्रश्न, त्यातले नऊ बरोबर आले की उत्तीर्ण. परीक्षा मराठीत देता येते. फी शिकाऊ परवान्याला एका प्रकारच्या गाडीसाठी १५० आणि परीक्षेला ५०. पुढे पक्क्या परवान्याच्या चाचणीला ३००, कार्डाला २००, वर टपालखर्च. म्हणजे सगळे मिळून सातशेच्या आसपास. यापेक्षा जे काही जास्त जाते ते शासनाला जात नाही, एवढे लक्षात ठेवा. अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रवाल्याने त्याच्या कष्टाचे पैसे घेतले तर हरकत नाही. पण "तुम्ही बसा, परीक्षा मीच देतो" असे कुणी म्हणाले तर उठून या. ती पंधरा उत्तरे रस्त्यावर तुम्हाला लागणार आहेत, त्याला नाही.

प्रश्न अवघड नसतात, पण गावच्या सवयीने उत्तर दिले की चुकते. खुणांचे सूत्र सोपे आहे. तांबड्या कडेचा गोल म्हणजे हुकूम, तो पाळायचाच. त्रिकोण म्हणजे सावधगिरी, पुढे वळण, शाळा, गतिरोधक वगैरे. निळी चौकट म्हणजे माहिती, जसे दवाखाना, पेट्रोल पंप. दोनच खुणांचा आकार निराळा, 'थांबा' अष्टकोनी आणि 'आधी दुसऱ्याला जाऊ द्या' हा उलटा त्रिकोण. बिनफाटकाच्या रेल्वे रुळांचाही प्रश्न येऊ शकतो. बीड शहरात रेल्वे २०२५ च्या सप्टेंबरात पोचली, त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक पोरांनी रूळ न पाहताच त्याचे उत्तर पाठ केले असेल! उत्तर असे की गाडी थांबवायची, दोन्ही बाजूंना पाहायचे, मगच ओलांडायचे. अपघात झाल्यावर चालकाचे कर्तव्य काय, हाही ठरलेला प्रश्न. जखमीला दवाखान्यात पोचवण्याची व्यवस्था करायची, पोलिसांना लवकरात लवकर कळवायचे. १०८ क्रमांक पोराबाळांनाही पाठ असू द्या.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या भावांनी हे दोन आकडे नीट मांडावेत. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. समजा सप्टेंबरच्या अखेरीस शिकाऊ काढला आणि तीस दिवस भरायच्या आत मुकादमाचा फोन आला. तुम्ही गेलात कोल्हापूर-सांगलीकडे, आणि गाव परत दिसेपर्यंत सहा महिने संपले. फी गेली, परीक्षा पुन्हा. त्यापेक्षा खुरपणीचा जोर ओसरला की श्रावणात शिकाऊ काढा. गणपती झाल्यावर चाचणी द्या. एकदा नापास झालात तरी पुन्हा देण्याइतके दिवस हातात राहतात.

शिकाऊ असताना गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगाचा इंग्रजी 'एल' लावायचा. पाठीमागे बसणारा माणूस परवानाधारक आणि शिकवणारा पाहिजे. बायको-मुलांना बसवून बाजाराला जाणे या परवान्यात बसत नाही.

अर्जात गाडीचा प्रकार निवडताना मात्र जपून. बिनगिअरची आणि गिअरची असे दोन वेगळे प्रकार आहेत. स्कूटीवर चाचणी देऊन बिनगिअरचा परवाना घेतला आणि उद्या नवऱ्याची मोटारसायकल चालवली, तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही विनापरवानाच. गिअरच्या गाडीवर चाचणी देणे चांगले. आणि हो, दुचाकीच्या परवान्यावर ट्रॅक्टरही चालत नाही. त्याला हलक्या मोटार वाहनाचा परवाना लागतो.

आठ कुठे अडतो

आता मुख्य गोष्ट. पंधरा वर्षे गाडी चालवणारा माणूस चाचणीत पाय टेकतो आणि परवा शिकलेली अंगणवाडीची ताई सरळ आठ काढून जाते. असे का होते? कारण गावात आपण जी गाडी चालवतो ती वेगावर चालवतो. गाडी वेगात असली की तोल तीच धरते. हळू चालताना तोल तुम्हाला धरावा लागतो, आणि आठच्या आकड्यात गाडी हळूच चालवायची असते. मैदानावर आखलेल्या आठवरून पाय न टेकता आणि रेषेबाहेर न जाता फिरायचे, एवढेच काम. पण त्या 'एवढ्यात' भले भले अडतात.

खळे असेल, मोकळे वावर असेल, तर दोन डबे दहा-बारा पावलांवर ठेवा. त्यांच्याभोवती फक्कीने आठ मारा. पहिल्या दिवशी आठ मोठा ठेवा, मग रोज डबे थोडे जवळ घ्या. गाडी पहिल्या गिअरमध्ये. ॲक्सिलरेटर एकाच जागी धरायचा, तो कमी-जास्त करत बसायचे नाही. वेग क्लचने राखायचा. क्लच अर्धा दाबून धरला की चाकाला जेवढा जोर हवा तेवढाच मिळतो. गाडी पळू लागली तर मागचा ब्रेक पायाने अगदी हलका लावायचा. पुढच्या ब्रेकला त्या वेळी हात लावायचा नाही. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी मुरमावर जागच्या जागी आडवी होते, मग कितीही कसलेला गडी असो.

दुसरे म्हणजे नजर. माणूस पुढच्या चाकाकडे बघतो आणि तिथेच फसतो. आपल्याकडे औत धरणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. सरळ तास काढणारा फाळाकडे बघत नाही, तो बांधाकडे बघतो. इथेही तसेच. एक फेरी अर्धी झाली की नजर पुढच्या डब्याच्या पलीकडे न्या. मान वळली की खांदे वळतात, खांदे वळले की हँडल आपोआप वळते. गुडघे टाकीला चिकटलेले हवेत. गाडी आत कलू द्या, अंग सरळ ठेवा. पाय फूटरेस्टवरच. जमिनीपासून वीतभर वर लोंबकळणारे पाय ही टेकण्याची तयारी असते, आणि ती साहेबाला लांबूनही दिसते.

पंधरा दिवस संध्याकाळी अर्धा तास एवढे केले तर आठ बसतो. ज्यांना जास्त वर्षांची सवय आहे त्यांना जास्त दिवस लागतात, कारण त्यांना आधी जुनी सवय मोडावी लागते.

सरावाची आणि चाचणीची गाडी एकच असू द्या. स्प्लेंडरसारख्या गाड्यांचे सगळे गिअर पुढे दाबून पडतात, दुसऱ्या कित्येक गाड्यांचा पहिला खाली आणि बाकीचे वर. मामाची गाडी मागून आणली आणि ऐन मैदानात गिअर उलटा पडला, असे नको.

आरसा आणि हात

आठ जमला म्हणजे झाले, असेही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत चाचणीत काय पाहायचे त्याची यादी दिलेली आहे आणि तिची सुरुवातच आरसा नीट करण्यापासून होते. आता आपल्या गावातल्या गाड्यांकडे बघा. नवी गाडी घेतली की पोरे पहिले काम काय करतात? आरसे काढून माळ्यावर टाकतात. आरसा म्हणजे म्हाताऱ्यांचे काम, असा काहीतरी समज आहे. मग पांदणीतून डांबरी रस्त्यावर येताना मागचा-बाजूचा अंदाज कानाने घ्यायचा! सडकेवर बायपासने येणाऱ्या गाडीचा आवाज कानावर येईपर्यंत ती गाडी अंगावर आलेली असते. चाचणीपुरता म्हणून का होईना, आरसा लावा आणि मग काढू नका.

बसण्याआधी साइड स्टँड वर घ्या. रस्त्यावर "ओ भाऊ, स्टँड!" आणि "ताई, पदर!" असे ओरडणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत, देव त्यांचे भले करो, पण चाचणीत कुणी ओरडत नाही. निघताना मागे पाहून, इंडिकेटर देऊन निघा. गिअर झटका न देता टाकत जा, उतरवताना क्रमाने उतरवा. चढावर थांबून गाडी मागे न घसरता उचलता आली पाहिजे. धारूरच्या घाटात ज्यांचे रोजचे जाणे आहे त्यांना हे येतेच, सपाटीवरच्या गेवराई-माजलगावकडच्यांनी एखाद्या तलावाच्या बांधाच्या चढावर सराव करावा.

हाताचे इशारे विचारतात आणि तिथे बरेच जण गडबडतात, कारण सगळे इशारे उजव्याच हाताने करायचे असतात. उजवीकडे वळायचे तर उजवा हात आडवा, तळवा पुढे. डावीकडे वळायचे तर तोच हात आडवा करून घड्याळाच्या काट्याच्या उलट गोल फिरवायचा. वेग कमी करताय तर तळवा खाली करून हात वर-खाली. थांबताय तर हात कोपरातून उभा. आता उजव्या हातातच ॲक्सिलरेटर असतो, म्हणजे हात काढण्याआधी वेग कमी झालेला पाहिजे. आरशासमोर बसून चार दिवस करून बघा, पोरे हसली तर हसू द्या.

कॅम्पच्या दिवशी

बीड किंवा अंबाजोगाईच्या कार्यालयात जायचे, नाहीतर तालुक्याच्या कॅम्पला. कॅम्पच्या तारखा वर्तमानपत्रात येतात, वेळ मात्र आधी संगणकावर ठरवून घ्यावी लागते. जी गाडी न्याल तिचे नोंदणी पुस्तक, चालू विमा आणि पीयूसी बरोबर पाहिजे. नेमकी इथे गंमत होते. गाडी वर्षानुवर्षे पळते आहे आणि विमा कधीचाच संपलेला, हे त्या दिवशी सकाळी लक्षात येते. आठ दिवस आधी डिकी उघडून कागद बघा. ब्रेक लाइट, इंडिकेटर, हॉर्न चालू करून बघा. दुधाच्या किटल्यांचे लोखंडी हूक त्या दिवसापुरते काढून ठेवा, वळताना पायाला लागतात.

हेल्मेट न्याच, आणि आयएसआय शिक्क्याचेच. रस्त्याकडेला प्लास्टिकच्या टोपल्यांसारखी जी विकतात ती डोके वाचवत नाहीत. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने लागते, चार वर्षांपुढच्या लेकरालाही.

चाळिशी ओलांडलेल्या आबांनी डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडायचे असते, ते आधी करून ठेवावे. ज्यांच्याकडे जुना पुस्तकी परवाना ट्रंकेत पडून आहे त्यांनी त्याची मुदत बघावी. मुदत संपून वर्ष उलटले असेल तर नूतनीकरणाला पुन्हा चाचणी द्यावी लागते. त्यांनाही आठ चुकत नाही.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीनदा नापास झालात तर मग साठ दिवस थांबावे लागते. साहेबाशी हुज्जत घालून उपयोग नाही. पाय कुठे टेकला ते विचारून घ्या, घरी जाऊन तेवढाच भाग घोटा.

कॅम्पला बापाबरोबर आलेली पोरे मैदानाबाहेर गाडी फिरवत असतात. "आमचा बारका सातवीत आहे, पण गाडी झ्याक चालवतो," असे कौतुकाने सांगणारे वडीलही असतात. त्या वडिलांसाठी २०१९ च्या दुरुस्तीत स्वतंत्र कलम आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. बारक्याला तोवर सायकल बरी.

उत्तीर्ण झालात की कार्ड टपालाने घरी येते. ते आले की कपाटात टाकण्याआधी एक काम करा. त्यावरचे नाव वाचा. शिकाऊ परवान्यात नाव आधारवरून येते, सातबाऱ्यावर तलाठ्याने पूर्वी लिहिलेले असते. एकावर 'बाबासाहेब', दुसऱ्यावर 'बाबु', एकावर वडिलांचे नाव 'ज्ञानोबा' तर दुसऱ्यावर 'ग्यानबा', हे आपल्याकडे नवे नाही. दावा दाखल करायच्या वेळी हीच दोन नावे समोरासमोर ठेवली जातात. फरक असेल तर आजच तलाठी कार्यालयात किंवा आधार केंद्रात अर्ज द्या, आणि परवान्याची एक छायाप्रत घरातल्या बाईमाणसाला कुठे ठेवली ते दाखवून ठेवा.